फक्त चांदरसच्या बाटलीसाठी

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. बाटलीत रंगीत गोड पाणी आणि वायू भरून तिला बूच लावणे, एवढेच मला येते. सध्या सोलापुरात अक्कलकोट रोडवर एका भंगारवाल्याच्या पत्र्याखाली माझा मुक्काम आहे. अंगावर कोंबड्या बसतात. बसू द्या, त्या निदान खोटे बोलत नाहीत.

माझा जन्म पुण्याच्या एका कारखान्यात झाला. हिरवा रंग, पितळी दांडा. पाहणाऱ्याने भुलावे अशीच घडण. पण माझा जबडा 'चांदरस' या कंपनीच्या पेयाच्या बाटलीपुरताच ठेवला होता. दुसरी बाटली त्यात बसतच नाही. ही चूक नव्हती, मुद्दाम केलेली सोय होती. ती कुणाची सोय, हे मला फार उशिरा कळले.

१९७३ साली कंपनीच्या साहेबांनी मला गुरुबसप्पांना विकले. गुरुबसप्पांचा वडिलांपासून आले-लिंबू सोड्याचा धंदा होता. पाळी सुटली की मागावरचे कामगार गोटीची बाटली फोडायला तिथेच यायचे. साहेब त्यांच्या घरी जेवले. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. बोटे चाटत म्हणाले, "सोलापुरात तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला एजन्सी देणार नाही. पेयाचा अर्क वेळेवर येईल. दर महिन्याला आमचा मिस्त्री यंत्र बघून जाईल."

गुरुबसप्पांची बायको सावित्रम्मा दाराआडून म्हणाली, "हे समदं कागदावर लिवून घ्या की. न्हाईतर आदी एजन्सी घेतलेल्या कुनाला तरी इचारून या."

"गप ऱ्हा," गुरुबसप्पा पुटपुटले. "आपल्या घरचं अन्न खाल्लेल्या मानसाकडं कागद मागायचा व्हय?"

कागद साहेबांनी आणलाच होता. गुरुबसप्पांनी काय काय करायचे नाही, तेवढेच त्यात छापलेले. दुसरे पेय विकायचे नाही, दुसरीकडचा अर्क आणायचा नाही, यंत्रावरचे शिशाचे सील तोडायचे नाही. कंपनी काय करणार, याबद्दल अवाक्षर नव्हते. सही झाली. वडिलांचे सोड्याचे यंत्र आणि गोटीच्या बाटल्या मोडीत गेल्या.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत माझ्यापुढे रांग लागली. "काय झ्याक मशीन हाय की!" म्हणत लोक माझ्या दांड्याला हात लावून बघायचे. मी फुशारले होते, खोटे कशाला बोलू?

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन हंगामात, अर्क येईनासा झाला. मिस्त्री एकदा येऊन गेला तो गेलाच. माझ्या आतली रबरी चकती झिजली, वायू निसटू लागला, पेय मिळमिळीत झाले. टॉवेलच्या कारखान्यातले मल्लप्पा अर्धी बाटली तशीच ठेवून म्हणाले, "अण्णा, हे नको. तुमचा आल्याचा सोडा द्या की."

कुठून देणार? गुरुबसप्पांनी शेजाऱ्याकडून गोटीची एक बाटली हुडकून आणली आणि माझ्या जबड्यात दाबून धरली. ती फुटली, त्यांचा तळहात चिरला. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली.

तेवढ्यात स्टेशनजवळ दुसऱ्याच एका दुकानावर चांदरसची पाटी लागली. गुरुबसप्पा तडक पुण्याला गेले. तिथे काय झाले ते परत आल्यावर त्यांनी सावित्रम्माला सांगितले, तेव्हा मी ऐकले. साहेबांनी विचारले होते, "एकालाच एजन्सी, असं कागदात कुठं लिहिलंय?"

"पर तुमी आमच्या घरात बसून बोललाव की!"

"जेवण छान होतं," असे म्हणून साहेबांनी फाइल मिटली.

शेवटी गुरुबसप्पांनी सील तोडून स्वतःच चकती बदलली. कुणी कळवले कोण जाणे! वर्षभर मिस्त्री न पाठवणाऱ्या कंपनीची माणसे दोन दिवसांत हजर झाली, सील तोडले म्हणून पाटी उतरवायला. दुकान बंद पडले, मी भंगारात आले आणि गुरुबसप्पा दुसऱ्याच्या कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालू लागले. कुणी विचारले की सांगायचे, "हात दुखतोय, म्हनून दुकान मिटलं." आपण फसलो, हे सांगायची त्यांना लाज वाटे.

परवा अक्कलकोटचे किराणा दुकानदार तिप्पण्णा माझे सुटे भाग बघायला इथे आले. ते चांदरसची एजन्सी घेत आहेत. सायकलवरून कामाला निघालेले गुरुबसप्पा त्यांना पाहून थांबले. एजन्सीचे नाव ऐकताच इतक्या वर्षांचे सगळे त्यांनी एका दमात ओकून टाकले. "अजून येळ हाय, सही करू नगा," असेही म्हणाले.

तिप्पण्णांचा चेहरा उतरला. "अण्णा, सही मागल्या म्हैन्यातच झाली. त्याच्या आदी मी तुमच्या घरी येऊन इचारलं हुतं, दुकान का मिटलं म्हनून. तुमी म्हनलाव, हात दुखतोय."

पाळीचा भोंगा वाजला तरी गुरुबसप्पांनी सायकल कारखान्याकडे वळवली नाही.

मित्रांनो, माझा गंज काढा, मला तेल घाला, असे मी सांगणार नाही. एवढेच सांगते, फसलेल्या माणसाला हसू नका. तुम्ही हसाल या भीतीने गुरुबसप्पा गप्प बसले, आणि आता तिप्पण्णांचे दुकान जाणार आहे.