पावलांच्या मधली रेघ

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, नवी पेठेमागच्या आमच्या गल्लीत, काशम्माच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. देवाच्या खोलीत तुपाची पणती पेटवून दार लावलेलं. पाव तासानं प्रभुमहाराजांनी दार उघडलं. पणती जागेवर, तूप जागेवर, वात गायब. सलग तिसरा दिवस. बायकांनी हात जोडले.

महाराज मागच्या महिन्यापर्यंत सिमकार्ड विकायचा. बोलणं अजून तसंच होतं. देवीला तेल चालत नाही, साजूक तूपच लागतं. वात वीतभर लांब हवी. खोलीत माणूस नको, त्यानं देवीची रेंज तुटते. लक्ष्मीपूजनाला गल्लीतल्या प्रत्येक घरानं असंच करायचं, असं त्यानं जाहीर केलं.

मला हसू आलं नाही. वर्षभर मला कशाचं काही वाटतच नाही. पण ती खोली मला माहीत होती. काशम्मा घरी टॉवेलांना शिलाई मारते. देवाच्या खोलीत पलंग, पलंगाखाली टॉवेलांचे गठ्ठे. आतल्या खोलीत तिचा नवरा सिद्राम अंथरुणाला खिळलेला, आणि तिथून बाहेर यायला वाट या खोलीतूनच.

दुसऱ्या दिवशी मी रांगोळी घेऊन गेलो. म्हटलं, देवी येते तर पावलं उमटतील. महाराजाला नाही म्हणता येईना. पणतीभोवती मी रांगोळी पसरली, दार लावलं. उघडलं तेव्हा खरंच पावलं होती, नखाएवढी.

"लक्ष्मीची पावलं हायत," काशम्मा गहिवरून म्हणाली.

"व्हय. पण काशम्मा, लक्ष्मीला शेपूट कधीपासनं आलं?"

पावलांच्या मधून एक बारीक रेघ थेट पलंगाखाली गेली होती. मी गठ्ठे ओढले. मागे उंदराचं बीळ, तोंडाशी तुपानं माखलेल्या चार वाती, टोकं काळी. एकीतून अजून धूर येत होता. खालच्या टॉवेलाला रुपयाएवढं जळकं भोक पडलं होतं.

उंदीर हे गणपतीचं वाहन आहे, असं महाराज पुटपुटला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. काशम्मा आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"तुला कसं कळलं, शिवपुत्रा?"

मी सांगितलं. मागच्या दिवाळीत माझ्या देव्हाऱ्यातूनही वात नाहीशी झाली होती. रुपाली, माझी बायको, तापानं झोपून होती. देवीनं नेली म्हणून मी हात जोडले, दुसरी वात लावली आणि बाजारात गेलो. परत आलो तेव्हा गल्लीत आगीचा बंब उभा होता. हे सांगताना मला रडू आलं नाही.

लक्ष्मीपूजनाला गल्लीत दिवे लागले. पणत्या पाण्याच्या परातीत, समईवर काच, जवळ जागं माणूस. काशम्मानं गठ्ठे शेजारी हलवले आणि बीळ सिमेंटनं बुजवलं.

दिवे जरूर लावा. वात दिसली नाही तर आधी ती शोधा. हात नंतरही जोडता येतात.