ताईच्या गळ्यातली एकुलती एक किल्ली

एक गल्ली होती. गल्लीच्या टोकाला, बेकरीच्या मागच्या अंगाला, एक खोली होती. खोलीत एक ताई होती, तिची लेक होती, दर गुरुवारी येणारे शिंपीकाका होते, आणि दाराला एक कुलूप होतं. त्या कुलपाची एकुलती एक किल्ली, ती मी. बोलतेय तर ऐका. किल्लीचं ऐकायला एरवी कुणाला सवड असते!

माझा जन्म हातगाडीवरचा. किल्लीवाल्यानं कानशीनं मला घासली, फुंकर मारली आणि विचारलं, "दुसरी करू का? हरवली तर पंचाईत होईल."

"नको. एकच," ताई म्हणाली.

तिथंच माझं नशीब फुटलं. बहीण नाही, जाऊ नाही, भांडायलासुद्धा कुणी नाही.

ताईनं मला दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. तिथं आधीच एक किल्ली होती. लोखंडी, जाडजूड, ताईनं मागं सोडलेल्या घराची. म्हटलं, चला, सोबत झाली. पण ती बाई कधी बोललीच नाही. जिचं दारच लांब मुलखात राहिलं, ती काय बोलणार?

लढाई पेटली तेव्हा ताईनं लेकीला कडेवर घेऊन घर सोडलं. ताईची आई तेव्हा मावशीच्या गावी अडकलेली. घराला दोन किल्ल्या होत्या. एक ताईनं शेजारणीला दिली, "आई आली तर दे." पुढं कानावर आलं, शेजारीणच घरात राहायला गेली. आईचा पत्ता नाही. ताईनं तेव्हापासून मनाशी गाठ मारली, किल्ली दिली की घर जातं.

इथं ताईसारखीच चाळीस घरं आली होती. त्यांचं मंडळ तिनं उभं केलं. कुणाचं दवाखान्याचं पत्र, कुणाच्या मुलाचा शाळाप्रवेश, सगळं त्या खोलीत. घर फक्त झोपण्यापुरतं. खुर्च्या ताई मांडायची, केर ताई काढायची, अर्जही ताईच लिहायची. नर्सबाई होती, तिकडं अख्खा दवाखाना सांभाळलेली, इथं फरश्या पुसणारी. ती म्हणायची, "आणा, मी लिहिते."

"राहू दे गं. तुला नाही जमायचं."

तीनदा असं ऐकल्यावर नर्सबाईनं विचारणं सोडलं. मग बाकीच्यांनीही सोडलं. खोली माणसांनी भरलेली आणि ताई एकटी. मी तिच्या छातीशीच लटकलेली, मला ठाऊक.

लेक एकदा म्हणाली, "आई, तुला भेटायचं तर अर्ज भरावा लागतो का गं?" ताई हसली. लेक नाही हसली. त्या दिवसापासून ती घरी आईची वाट न बघता जेवून घेऊ लागली.

शिंपीकाका तीस वर्षांपूर्वी असेच परागंदा होऊन आलेले. स्वतःचं मंडळ चालवलेलं. आता नव्या मंडळांच्या पुढाऱ्यांना चार शहाण्या गोष्टी सांगायचं काम त्यांच्याकडं. पण सांगायचे काहीच नाहीत. गळ्यात मापाची टेप, हातात चहाचा कप, आणि दर गुरुवारी एकच प्रश्न.

"या आठवड्यात तुझ्यावाचून काय झालं?"

"काहीच नाही, काका. मीच केलं सगळं," ताई अभिमानानं सांगायची.

काका गप्प चहा प्यायचे. मला त्यांचा राग यायचा. बोला की हो!

मग एक पत्र आलं. ताईची आई जिवंत होती. परवाना मिळाला होता, अमक्या दिवशी बंदरावर उतरणार होती. बंदर एका दिवसाच्या वाटेवर. आणि नेमका तोच दिवस चाळीस घरांचे इथं राहायच्या परवानगीचे अर्ज पाठवायचा शेवटचा. अर्ज खोलीत, किल्ली ताईच्या गळ्यात.

"मी नाही जाणार. आईला आणायला कुणीतरी पाठवते," ताई म्हणाली.

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे आई दुसऱ्याच्या हाती देशील, पण किल्ली नाही?"

ताईनं मला मुठीत घट्ट आवळलं.

"मीही कपाटाची किल्ली कुणाला दिली नव्हती," काका हळूच म्हणाले. "आजारी पडलो. दोन महिन्यांनी गेलो तर खोलीत कुणाची तरी कांद्याची पोती. मंडळ कुठाय विचारलं, तर म्हणे, कुठलं मंडळ?"

ताई उठून नर्सबाईकडं गेली. मग दोरा सोडला. मला नर्सबाईच्या हातावर ठेवताना तिची बोटं सुटेनात.

"चिकटपट्टी लावलीय का?" नर्सबाई म्हणाली. "जा ताई. आई वाट बघतेय."

त्या दिवशी दार मी नर्सबाईच्या हातून उघडलं. लोक बिचकत आले, मग बसले, मग लिहू लागले. एका अर्जावर चहा सांडला, तो पुन्हा लिहिला. टपालकचेरी बंद व्हायच्या आत चाळीसच्या चाळीस अर्ज गेले.

गुरुवारी ताई आली ती आईचा हात धरून. म्हातारीनं आधी रुमालाची गाठ सोडली. आत तशीच लोखंडी किल्ली.

"शेजारणीनं दिली. निघताना कुलूप लावून."

"तिनं घर बळकावलं ना?"

"अगं वेडे, मी आजारी होऊनच घरी परतले, मला उठता येत नव्हतं. तीच येऊन राहिली माझ्यापाशी. तू तिला किल्ली दिली नसतीस, तर मी दाराबाहेरच मेले असते."

ताईनं गळ्यातली जुनी किल्ली काढून त्या किल्लीशेजारी ठेवली. खण्ण! इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बाई बोलली.

काकांनी विचारलं, "तुझ्यावाचून काय झालं?"

"सगळं," ताई म्हणाली, आणि रडली.

मला आता तीन बहिणी आहेत, मंडळातल्या तिघांच्या खिशात. मी दाराशेजारच्या खिळ्यावर. खिळा गार असतो, ताईच्या गळ्याची ऊब आठवते. पण संध्याकाळी ताई दिवेलागणीआधी निघते. घरी तिघी एका ताटाभोवती बसतात म्हणे. मी पाहिलेलं नाही, लेक सांगत होती.

बाबांनो, किल्ली छातीशी धरू नका, हातात द्या. ताईला जशी तिची माणसं भेटली, तशी तुम्हाला तुमची भेटोत.