जमनाची माफी

आमच्या गावाचा शिक्षण फंड मासळीवर चालायचा. वर्षातून एकदा प्रत्येक बोट एका दिवसाची मासळी फंडाला द्यायची. बायकांनी ती मजुरी न घेता चिंचणी-बोईसरला विकायची आणि पैसे वामन पाटलाच्या हातात ठेवायचे. जमातीतलं कुणी कॉलेजला गेलं, की फी त्यातून.

१९८२ साली गावातून बारावी पास झालेली मी एकटीच. पालघरच्या कॉलेजात नाव लागलं, फीची शेवटची तारीख सोमवार. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या, बापूस दुसऱ्याच्या बोटीवरचा खलाशी. घरात फीएवढे पैसे नव्हते.

त्यात माझ्या आईचं, जमनाचं, पाटलाशी वाकडं. फंडाचे पैसे वामनच्या पोराच्या मोटारसायकलीत गेले, असं ती दोन वर्षांपूर्वी भर बाजारात बोलली होती. खोटं नव्हतं ते. तिच्याबरोबर मासळी विकणाऱ्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं, पण त्या मूग गिळून बसल्या.

मी पाटलाकडे गेले. तो झोपाळ्यावरून उठलाही नाही.

"फी देऊ की. फंड कशाला हाय? तुज्या आयेला रविवारी बैठकीत माफी मागायला सांग."

तीन दिवस मी आईचं डोकं खाल्लं. ती म्हणायची, "त्या चोराची माफी? मेली तरी नाय." मी म्हणायचे, "मग मी मरू?" खऱ्याखोट्याशी मला देणंघेणं नव्हतं. तिची अब्रू मातीत गेली तरी मला चालणार होतं. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटत होतं. शनिवारी ती म्हणाली, "बरा. मागते."

रविवारी देवळापुढे जमात बसली. बाप्ये पुढे, बायका मागे उभ्या. पैशाचं पाकीट पाटलाच्या मांडीवर. आईनं पुढे होऊन पदर खोचला, हात जोडले.

"दोन वरसांमागं मी बोलली, वामननं फंड खाल्ला. ता माजा चुकला."

पाटील हसला. त्यानं पाकीट उचललं. माझा जीव भांड्यात पडला.

"मी एकटीच बोलली, ता चुकला," आई म्हणाली. "या सगल्यांना ठावं हाय. सगल्यांनी मिलून बोलायला होता."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या, तरणे खलाशीसुद्धा. पाटलाचं तोंड काळंठिक्कर पडलं. पाकीट बंडीत कोंबून तो चालता झाला. हसणाऱ्यांपैकी एकानंही ते पाकीट परत मागितलं नाही.

घरच्या वाटेवर आई ताठ चालत होती.

"कशी जिरवली मेल्याची!"

"त्याची नाय, आये. माजी जिरवलीस."

सोमवारी सकाळी मी तारापूरच्या कारखान्यांकडे निघाले. तिथे एका ठिकाणी औषधाच्या गोळ्या डब्यांत भरायला पोरी घेत होते. आई सुक्या बोंबलांची टोपली घेऊन त्याच बसमध्ये चढली. तिनं न विचारता दोघींचं तिकीट काढलं. मी माझ्या तिकिटाचे पैसे तिच्या टोपलीत टाकले आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले.