वहीतली शहाणी मुलगी

आमच्या बालगृहात कामाची पाळी संपताना प्रत्येक मुलाविषयी दोन ओळी लिहायच्या असतात. कोण जेवलं नाही, कोण कोणाला चावलं, कोणाला ताप आला. दुसऱ्या देशातून जीव मुठीत धरून आलेली, मागेपुढे कोणी नसलेली ही मुलं. त्यांची नोंद म्हणजे ती वही. बावीस वर्षं मी ती भरतेय. माझं अक्षर बरं म्हणून बाकीच्या मावश्याही ते काम माझ्याच माथी मारतात.

त्या वहीने एका पोरीचा केसाने गळा कापला. वहीने म्हणजे मीच.

ती चार महिन्यांपूर्वी आली, पाच वर्षांच्या भावाला पाठुंगळी घेऊन. आईवडील वाटेतच गेले होते. वय विचारलं तर चौदा म्हणाली. कागद नव्हते. भर समुद्रात बोट उलटल्यावर माणूस भाऊ धरेल की कागद? भाऊ तिला इतका चिकटलेला असायचा की आम्ही त्याचं नाव मुंगळा पाडलं. तो तिला त्यांच्या भाषेत ताई म्हणायचा, मग आम्हीही ताईच म्हणू लागलो. पन्नाशी उलटलेली मी, चौदा वर्षांच्या पोरीला ताई म्हणून हाका मारत होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वहीतही तेच. "ताई फार शहाणी. भावाला आंघोळ घालते, भरवते. न सांगता ताटं विसळते. कधी रडत नाही. आईच्या मायेने त्याचं सगळं करते." तिचं भलं व्हावं म्हणून लिहिलं. आणि खरं सांगायचं तर एक पोर सांभाळायचं माझं काम ती परस्पर उरकत होती, त्याचंही मला बरं वाटत होतं.

मंगळवारी वय ठरवणाऱ्या कचेरीचं पत्र आलं. मुलगी अठराच्या वरची असल्याने शुक्रवारी तिला मोठ्या माणसांच्या छावणीत हलवावं. छावणी इथून गाडीने सहा तासांवर. भाऊ अल्पवयीन असल्याने बालगृहातच राहील. खाली कारणं दिली होती, आमच्या वहीतून उतरवलेली. सगळी माझीच वाक्यं, अवतरणचिन्हांसकट.

तळपायाची आग मस्तकात गेली. अंगावरचा अ‍ॅप्रन न काढताच मी कचेरी गाठली.

"साहेब, हे मी लिहिलंय," मी पत्र टेबलावर ठेवलं.

"हो का? निरीक्षण छान आहे तुमचं," साहेब म्हणाले. "आमचं काम सोपं झालं."

"पोर आहे हो ती."

"पोरं अशी वागतात का, मावशी? माझी मुलगी पंधराची आहे. प्यायलेला ग्लास उचलून ठेवत नाही."

"कारण तो उचलायला तुम्ही आहात. हिला कोण आहे?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "भावना वेगळ्या, नोंदी वेगळ्या. गुरुवारी दुपारपर्यंत वहीत काही नवीन असेल तर आणा. बघू."

वीस मिनिटं तिच्याशी बोलून या माणसाने तिच्या वयात चार वर्षं घातली होती, आणि मला भावना शिकवत होता. मी उठले. तिथे आणखी बसले असते तर तोंडातून भलतंच निघालं असतं.

परत येऊन मी पोरीला सगळं सांगितलं. तिच्याच आयुष्याचा निकाल, तिच्यापासून कशाला लपवायचा? आमची भाषा तिला मोडकीतोडकी येते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "रडत नाही, ते वाईट?"



बुधवारी सकाळी न्याहारीच्या वेळी मुंगळा सुटलेल्या लेसवर पाय पडून दारातच तोंडावर आपटला. ओठ फुटला. त्याने भोकाड पसरलं आणि नेहमीसारखं ताईकडे पाहिलं. ती टेबलाशी बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबलेले. तो रडत तिच्याजवळ गेला, बाही ओढू लागला. ती भिंतीकडे बघत राहिली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, लिही. ताईने उचललं नाही. ताट पण नाही विसळलं. लिही ना लवकर."

मी मुंगळ्याला कडेवर घेतलं, त्याचा ओठ पुसला आणि दुसऱ्या हाताने वही ओढली. दोन ओळींत भागवलं नाही, पान भरलं. ताई असं कुठेही लिहिलं नाही. 'मुलगी, वय चौदा. भावापासून कोणी तोडू नये म्हणून आज ही मुलगी भाऊ रडत असताना हातांवर बसून राहिली. ही वेळ तिच्यावर आम्ही आणली.' खाली माझी सही केली.

मुंगळ्याला मी तिच्या मांडीवर ठेवलं. "घे गं त्याला. लिहून झालं माझं."

तिने हात काढले नाहीत.

"आधी साहेब वाचू देत," ती म्हणाली.