हिरवी गल्ली

फोटोकाकांच्या बायकोचं खुब्याचं हाड मोडलं आणि दोन बहिणींचं बोलणं बंद पडलं. भांडण वगैरे काही नव्हतं. काकूंची थोरली बहीण जन्मापासून बहिरी. दोघी हातांनी बोलायच्या. लहानपणी दोघींनीच जमवलेल्या त्या खुणा तिसऱ्या कोणाला कळत नसत. फोनवर चेहरा आणि हात दिसले तरच गप्पा. त्यासाठी काकू रोज संध्याकाळी गच्चीवर जात, कारण इमारतीत रेंज तेवढी तिथेच. आता गच्ची बंद झाली होती. खोलीत फोन लावला की ताईचा हात हवेत उचललेला दिसे आणि तिथेच थिजून जाई.

"लिहून पाठवत जा ना," काका एकदा म्हणाले.

"तुमच्याशी बोलते का मी लिहून?" काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. हल्ली त्या जेवतही अर्धंच होत्या.

कंपनीकडे तक्रार केली, तर उत्तर ठरलेलं: आपल्या भागात सेवा उत्तम आहे. तेव्हा वाचनालयाच्या बाईंनी लोकांनाच कामाला लावलं. फोनवर एक ॲप घ्यायचं, बटण दाबायचं; इंटरनेटचा वेग मोजला जातो आणि नकाशावर ठिपका उमटतो. वेग चांगला तर हिरवा, वाईट तर लाल. हा नकाशा बघायचं कंपनीने कबूल केलं होतं. जिथे लाल, तिथे खांबावर रेंज वाढवणारी पेटी बसणार होती.

आपल्या गल्लीची जबाबदारी काकांनी हौसेने अंगावर घेतली. उभा जन्म फोटो स्टुडिओत गेलेला. माणूस आला की त्याला चांगल्या उजेडात बसवायचं, मान सरळ करायची, डोळे मिटलेला फोटो टाकून द्यायचा. मापंही त्यांनी तशीच घेतली. घरात आकडा पडेल आला की पुसायचा, खिडकीशी जायचं. तिथे नाही जमलं तर गच्ची. शेजाऱ्यांनाही हेच शिकवलं. "घाई करू नका. चांगलं येईपर्यंत काढा."

गल्लीनेही मन लावून मापं काढली. आठवड्याअखेर काकांनी फोन काकूंपुढे धरला. "बघ! अख्खी गल्ली हिरवीगार. एक डाग नाही."

काकूंनी चष्मा लावला. नकाशा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, ताप मला आणि थर्मामीटर शेजारणीच्या तोंडात?"

"म्हणजे?"

"म्हणजे आता कंपनी म्हणेल, बाई ठणठणीत आहे."

काकांचा चेहरा उतरला. चपला कशाबशा पायात सरकवून ते वाचनालयात पोचले. "बाई, पडलेलं माप चालतं का हो?"

"चालतं काय काका, तेच तर हवंय!"

"मी सगळी पुसली."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग हसू आवरून म्हणाल्या, "नकाशा उद्या संध्याकाळी जाणार. उद्याचा दिवस आहे तुमच्या हातात."

दुसऱ्या दिवशी काका सकाळपासून दारोदार फिरले. सरळ सांगितलं, माझं चुकलं, आता जिथे खरंच बसता-उठता तिथूनच मोजा. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काल चांगलं काढा, आज वाईट काढा! आमच्या स्वयंपाकघरावर लाल डाग? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्याही स्वयंपाकघरात तोच आहे. माझ्या घरचा सगळ्यात मोठा."

"काकूंसाठी ना?" त्यांचा आवाज खाली आला. "थांबा, फोन आणते. आमच्या मोरीत तर फोन मेल्यासारखाच असतो."

घरी येऊन काका बायकोच्या पलंगावर टेकले. बटण दाबलं. पडेल. पुन्हा पडेल. पुसायला बोट शिवशिवत होतं. काकूंनी ते मुठीत धरून ठेवलं. संध्याकाळपर्यंत हिरव्या गल्लीला लाल गोवर उठला.

काही दिवसांनी कंपनीचा इंजिनिअर खात्री करायला आला आणि यंत्र घेऊन खिडकीशी उभा राहिला. काकूंनी पलंगावर थाप मारली. "खिडकीत मी राहत नाही. इथे बसून मोज, बाळा." तो बसला. यंत्रावरचा आकडा बघून त्याने पेटीचा अर्ज भरायला घेतला.

पेटी बसली त्या संध्याकाळी काकांनी फोन उशीला टेकवून उभा केला. सवयीने दिवा सरकवला, बायकोच्या कपाळावरची बट मागे सारली. ताई दिसली. दोघी आधी नुसत्या रडल्या. मग चारही हात असे काही सुटले की काकांची नजर पुरेना. ताईने मध्येच गाल आत ओढले, मान ताठ केली, डोळ्यांपुढे कॅमेरा धरल्यासारखं केलं. काकू पोट धरून हसल्या.

"माझ्याबद्दल आहे ना?"

"तुम्ही ताट वाढायला घ्या," काकू फोनवरून नजर न काढता म्हणाल्या. "आज पोटभर जेवणार आहे मी. आणि घाई नको, आम्हाला वेळ लागेल."