धुक्यावरून लिहिलेली पत्रं

आखातात, अल क्वोजच्या कामगारवस्तीतल्या खोलीत माणसं इतकी, की फोनवर रामचंद्र लेकाला 'जेवलास का' एवढंच विचारायचा आणि तिकडे कॉलेजात शिकणारा नीलेश 'हो' म्हणून मोकळा व्हायचा. म्हणून पत्रं. गावाकडचा कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत खजुरांबरोबर एक पाकीट जायचं आणि तो परतला की कोकमांबरोबर उत्तर यायचं.

रामचंद्र सिलिकॉन ओएसिसमधल्या उंच इमारतींच्या काचा पुसायचा. हिवाळ्यात सकाळी धुकं उतरलं की शहर पार बुडून जायचं आणि दोरांवर लोंबणाऱ्या पाळण्यात हा गडी तेवढा वर राहायचा. खाली रस्ता नाही, आवाज नाही. दूर दोन-चार इमारतींची टोकं तरंगत असायची. त्याला वाटायचं, आपण कामावर आलोच नाही, अजून झोपेतच आहोत. हे सगळं तो नीलेशला लिहायचा, आणि काय झोकात लिहायचा! खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. वाईट तेवढं गाळणं मात्र छान जमायचं.

यंदा गावाकडचाच, कंपनीतला सोबती मिथुन सुट्टीवरून परतला, तेव्हा पाकिटात होतं, 'बाबा, इथे मन लागत नाही. कॉलेज सोडतोय. मलाही धुक्याच्या वर उभं राहायचंय. पासपोर्टची झेरॉक्स मिथुनकाकांकडे दिली आहे.'

"टेन्शन कशाला, रामभाऊ? हेल्परची व्हेकन्सी आहे," मिथुन खुशीत म्हणाला. "मैं मॅनेजर से बात करता हूँ. महिन्यात व्हिसा, इन्शाल्ला!"

रामचंद्राने पत्र पुन्हा वाचलं. पोराला या पाळण्यापर्यंत आपल्याच पत्रांनी ओढत आणलं होतं.

त्या रविवारी त्याने आजवर गाळलेलं सगळं लिहून काढलं. ऑगस्टात काच हाताला चटके देते. एकदा वाऱ्याने पाळणा भिंतीवर आपटला, तेव्हा तोंडून देवाचं नाही, नीलेशचं नाव निघालं. थोरल्या लेकीचं, ममताचं लग्न त्याने जिन्यात बसून मोबाइलवर पाहिलं आणि ऐन मंगलाष्टकांत नेट गेलं. मग सुट्टीवर जाणाऱ्या कोणाची वाट न बघता त्याने कागदांचे फोटो काढून पाठवून दिले.

निळ्या खुणा लगेच उमटल्या, पण उत्तर येईना. दुपारभर तो फोन हातात धरून बसला. संध्याकाळी आलं.

'परीक्षेचा फॉर्म भरला. कॉलेज सोडत नाही. पण बाबा, इतकी वर्षं हे सगळं तुम्ही कोणाला सांगत होतात?'

रामचंद्राचा जीव भांड्यात पडला, आणि तरी त्याला रडू कोसळलं. मग त्याने एका बोटाने टाइप केलं, 'कोणालाच नाही.'