सही येत नाही

पेन खिशातून निघालं होतं, टोपण दातात धरलेलं होतं आणि चावीवाला अर्जावर वाकलाही होता. तेवढ्यात मालक म्हणाले, "थांब रे. यंदा तुझ्या साडूला करू दे सही."

चावीवाला तसाच वाकून राहिला. दातात टोपण, त्यामुळे धड हसताही येईना.

गेल्या पाच निवडणुका मालकांचा सूचक तोच. 'या माणसाला उभा करा' असं अर्जावर सही करून सांगतो तो सूचक. आता मालकांना उभं करायला कुणाची गरज होती म्हणा! गिरणी त्यांची, शाळा त्यांची, पेट्रोलपंप त्यांचा, आणि पालिकाही त्यांचीच म्हटली तर कुणी दुरुस्ती करत नसे. पण कायद्याला सही लागते. आणि सही बघावी चावीवाल्याची. पहिलं अक्षर छाती काढून उभं, आणि शेवटच्याला अशी शेपटी की खालच्या ओळीत फेरफटका मारून परत वर यायची.

साडूने सही केली आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत मालकांच्या शेजारी टेकला. चावीवाला पायरीवर.

घरी बायकोला बातमी आधीच पोचली होती. ताई येऊन गेली म्हणाली, खुर्चीला हात आहेत म्हणे, गादीपण आहे म्हणे. नवऱ्याला जेवायला वाढताना तिने हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने ताट सरकवलं. दोघी सख्ख्या बहिणी, दोघींचे नवरे पाणीपुरवठ्यात, एक वरच्या गल्ल्यांना पाणी सोडतो, एक खालच्या. आजवर हिचा नवरा वरचढ होता. आता काय?

चावीवाल्याला सगळ्यात जास्त हे लागलं की कष्ट त्याचे होते. मालक कधी हुकूम सोडत नसत. नुसतं म्हणायचे, "खालच्या गल्लीत पाणी जरा जास्तच जातं, नाही?" दुसऱ्या दिवशी चावीवाला कमरेइतकी लोखंडी चावी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात घालून अशी फिरवायचा की चाळीस मिनिटांची दहा व्हायची. जो कोण उभं राहायचं म्हणत असेल त्याच्या दाराशी आठवड्यात शेजारणीच भांडायला जायच्या. निवडणूक बिनविरोध. वरच्या, म्हणजे आमदारकीच्या, निवडणुकीत मालक गावची मतं एकगठ्ठा पोचवायचे, म्हणून वरचे कधी खाली वाकून बघत नसत. उलट गावाच्या तोंडाशी 'आदर्श गाव' अशी पाटी लावून गेले होते.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तो खड्ड्यात उतरलेला असताना वर चपला दिसल्या. बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि या वेळी खरंच उभ्या राहायला निघालेल्या.

"चाळीस घरं फिरले," बाई म्हणाल्या. "कुणाचा मुलगा गिरणीत, कुणाची सून शाळेत. सूचक कुणी होईना. तुला विचारणार नव्हते, पण तू एकटाच राहिलास."

तीस वर्षांपूर्वी याच बाईंनी दुपारच्या वर्गात त्याला सही शिकवली होती. त्याआधी तो अंगठेबहाद्दर. शेपटी मात्र त्याची स्वतःची, बाईंनी ती खोडून खोडून शेवटी नाद सोडला होता.

त्याने खड्ड्याच्या काठावर कागद टेकवून सही ठोकली. लोकशाहीसाठी केली असं समजाल तर फसाल. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त साडूची पाठ होती, गादीला टेकलेली. म्हणाला, आता बघा म्हणावं. आणि शेपटी नेहमीपेक्षा बोटभर लांब काढली.

संध्याकाळी बोलावणं आलं. चावीवाला शिव्या खायच्या तयारीने गेला. मालकांनी चहा मागवला. मग साडूकडे न बघताच म्हणाले, "ऊठ रे. त्याला बसू दे."

साडू उठला. त्याचा चेहरा असा उतरला की चावीवाल्याला चहा साखरेशिवायही गोड लागला असता. गादी खरंच मऊ होती.

"माझंच चुकलं," मालक म्हणाले. "तुझी जागा ही. पण बाईंच्या अर्जावर कुणीतरी तुझ्या नावाने खोटी सही केलीय म्हणे."

"मालक, ती सही मीच..."

"तुला कुठे येते सही?" मालकांनी अगदी मायेने विचारलं.

मग मालकांच्या मॅनेजरने समजावून सांगितलं. नुसतं 'माझी नाही' म्हटलं तर छाननीचा साहेब म्हणणार, इथे करून दाखव. हात वळणावर जाणार, शेपटी लपणार नाही. त्यापेक्षा येतच नाही म्हणायचं. प्रश्नच मिटला. चावीवाल्याने समोर पाहिलं. साडू पायरीवर उभा होता, बसायला जागा शोधत. चावीवाला होय म्हणाला.

छाननीला पालिकेचा हॉल भरला होता. बाहेरगावाहून आलेल्या साहेबाने अर्ज पुढे धरला. ही सही तुमची का?

"मला सही येत नाही, साहेब."

हॉलमधल्या प्रत्येकाने ती सही कधी ना कधी पाहिली होती. एकजण खोकला, बस. साहेबाने तसं लिहून घेतलं, शाईचा पॅड सरकवला. चावीवाल्याचा अंगठा तीस वर्षांनी कागदावर पडला. तो मागे साडूकडे बघणार होता, कसा जळतोय ते, पण मध्ये बाई होत्या.

साहेबाने बाईंना विचारलं, काही म्हणायचंय?

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, फळ्याजवळ उभं केलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं. मग म्हणाल्या, "नाही. त्याला येत नसेल, तर माझं शिकवणं कमी पडलं."

अर्ज बाद. मालक सहाव्यांदा बिनविरोध. चावीवाला खुर्चीत बसूनच मिरवणुकीची तयारी बघत होता, आणि बायकोने तीन दिवस ताईला फोन करकरून गादी कशी आहे ते सांगितलं.

पहिल्या तारखेला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नवा हजेरीपट आला. त्याच्या सह्या असलेला जुना पट मॅनेजर घेऊन गेला होता. चावीवाल्याने पेन काढलं, तर कारकुनाने मान खालीच ठेवून पॅड पुढे केला. "रेकॉर्ड सारखं पाहिजे म्हणालेत. आता कायम असंच."

वरच्या ओळीत साडूची सही होती. अक्षरं एकमेकांवर पडलेली, एक काना विसरलेला, शाई फुटलेली. चावीवाला ती बराच वेळ बघत राहिला. मागच्या रांगेतल्या माणसाने हळूच त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्याने अंगठा पॅडवर टेकवला.